राहिलेली गुळणी

जपानातल्या शिमिझू बंदराच्या मागच्या गल्लीत उन्नो तादायुकीचं नाव निघालं की लोक आधी हसत आणि मग म्हणत, "माणूस सोन्यासारखा. पण त्याला काही द्यायचं म्हणजे आधी त्याच्याशी भांडायची तयारी हवी." दारात संत्र्यांची पिशवी पुढे केली की तो दोन पावलं मागे सरायचा. "नको, नको, मला एकट्याला एवढी कशाला?" मग देणाऱ्याने "घ्या हो" म्हणायचं, त्याने पुन्हा "खरंच नको" म्हणायचं. तिसऱ्यांदा पिशवी पुढे आली की तो कमरेत वाकून दोन्ही हातांनी ती घ्यायचा आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलायचा. दोनदा नाही म्हणणं ही त्या गल्लीतली साधी रीतच होती. इतर लोक अंदाज घेऊन ती पाळत, उन्नो डोळे मिटून पाळायचा.

त्याचं लग्न झालं नाही तेही यातूनच. आत्याने एका मुलीचा फोटो आणला होता. मुलगी त्याला मनापासून आवडली होती, पण तो म्हणाला, "माझ्यासारख्याला कोण देतंय अशी मुलगी!" आत्या घाईची बाई. तिने फोटो पिशवीत टाकला आणि ती पुढच्या घरी गेली. म्हातारपणी कोणी विचारलं, "उन्नोसान, लग्न का नाही केलंत?" तर तो हसून म्हणायचा, "तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही." ऐकणारेही हसायचे. तो मात्र त्यांच्याआधी हसायचं थांबवायचा.

ट्यूना माशांचे डबे भरणाऱ्या कारखान्यात त्याने सगळी नोकरी केली. त्याचं काम डबे वाजवायचं. हातात बारीक काठी, पुढे डब्यांच्या रांगा. प्रत्येक डब्यावर टिचकी मारायची आणि आवाजावरून ओळखायचं, आत हवा शिरली आहे का, मासा कमी भरलाय का. पुढे हे काम यंत्र करू लागलं, पण त्याच्या कानाची सवय गेली नाही. दुसऱ्याच्या घरी बसलेला असतानाही त्याचं नख हळूच कपावर वाजायचं.

त्याचा मित्र एकच, कारिया. हा ट्यूनाच्या बोटींवर वायरलेस सांभाळायचा. वर्षातले कितीतरी महिने दूरच्या समुद्रात एकट्याने काढलेला, त्यामुळे जमिनीवर आला की बडबड्या. दोघांनाही प्लॅस्टिकच्या छोट्या बोटी जोडायचा नाद, आणि शिझुओकाच्या मुलखात हा नाद असणं म्हणजे काही विशेष नाही. विशेष होती ती त्यांची वाटणी. उन्नो आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोट जोडायचा, सांधे घासायचा आणि शनिवारी मिठाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवून ती कारियाच्या घरामागच्या खोपटात न्यायचा. रंग द्यायचा तो कारिया, हवेच्या जोराने रंग फवारणाऱ्या एअरब्रशने. उन्नो चहाच्या उलट्या खोक्यावर बसून ऐकायचा. हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची घरघर, फवाऱ्याचा बारीक सूंऽऽ, आणि कारियाची बोटीवरच्या वादळांची कथा, जिच्यातली लाट दर वर्षी थोडी उंच व्हायची.

"घे, मारून बघ एकदा," कारिया एअरब्रश पुढे करायचा.

"नको, नको. तुझा हात बसलाय."

"बरं, राहिलं. लाजरी नवरी कुठली!"

चहा, संत्री, काळ्या रश्शातल्या माशाच्या वड्या, या गोष्टी कारिया त्याला न चुकता तीनदा विचारायचा. एअरब्रशबद्दल मात्र तिसऱ्यांदा विचारत नसे. दोघांनाही ते तसंच हवं होतं. एकाने फवारायचं, दुसऱ्याने ऐकायचं.

काम संपलं की शेवटची एक गोष्ट व्हायची. कारिया एअरब्रशवरच्या रंगाच्या वाटीत रंग विरघळवणारा थिनर ओतायचा, त्याच्या तोंडावर बोट दाबायचा आणि खटका ओढायचा. बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर हवा उलटी फिरायची आणि वाटीत बुडबुडे उठायचे. गुळगुळ, गुळगुळ. त्या भागातले सगळे नादिष्ट याला गुळणीच म्हणतात. "उन्नो," कारिया म्हणायचा, "एखाद्या दिवशी दात घासायचं विसरलास तर चालेल. याची गुळणी विसरलास तर याचा गळा कायमचा धरतो."

फेब्रुवारीत एका शनिवारी कारिया ट्यूनाच्या बोटीच्या तळाला विटकरी रंग मारत होता. अर्धा तळ झाला आणि त्याने हातातला एअरब्रश स्टँडवर ठेवला. "आज गार पडलंय रे. जरा चहाचं सांगून येतो," म्हणाला आणि घरात गेला. उंबऱ्यापाशी धप्प झालं. मग रुग्णवाहिका, इस्पितळ, आणि दोन दिवसांनी पांढऱ्या फुलांत ठेवलेला फोटो. वाटीत रंग तसाच आहे हे उन्नोला आठवलं ते अंत्यसंस्काराच्या मंत्रांच्या मधेच. अशा वेळी असलं काही आठवावं याची त्याला फार लाज वाटली.

एकोणपन्नासाव्या दिवशीचे विधी झाले की गेलेल्या माणसाच्या वस्तू जवळच्यांना आठवण म्हणून वाटतात. पाहुणे पांगल्यावर कारियाची बायको किनुयो खोपटातून एअरब्रश घेऊन आली आणि तिने तो उन्नोपुढे धरला.

"हा तुम्ही न्या."

उन्नोला त्या घरातलं दुसरं काही नको होतं. हाच हवा होता. पण तोंडातून आलं ते वर्षानुवर्षं येत असलेलंच. "छे छे, वहिनी. एवढी मोलाची वस्तू! माझी काय लायकी?"

"न्या म्हणते ना."

"नको, खरंच नको."

आणि तो वाट पाहत थांबला.

किनुयो याइझूच्या मासळी बाजारातली. तिचे वडील पहाटेच्या लिलावात बोली लावणारे. तिथे एकदा हात खाली गेला की मासा दुसऱ्याचा. लग्न होऊन या गल्लीत तिचा जन्म गेला, पण नको म्हणताना माणसाला हवं असतं, हे काही तिच्या गळी उतरलं नाही. आजवर तिला त्याची गरजही पडली नव्हती. तिसऱ्यांदा विचारणारा कारिया होता.

"बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा ओढल्यासारखा झाला. तिने एअरब्रश नेऊन देव्हाऱ्यात कारियाच्या फोटोपुढे ठेवला. मग अर्धवट रंगलेली बोट आणून सरळ उन्नोच्या हातात दिली. "आणि ही पुरी करा. मला यातलं काही कळत नाही." हा प्रश्न नव्हता, त्यामुळे नाही म्हणायला जागाच उरली नाही.

त्यानंतर दर महिन्याच्या तिथीला उन्नो तिच्याकडे जायचा. उदबत्ती लावायची, छोटी घंटा वाजवायची, हात जोडायचे. डोळे मिटायच्या आधी आणि उघडल्यावर नजर जायची ती एअरब्रशकडे. वाटीच्या काठावर विटकरी रंगाची कड सुकून बसली होती. आत रंग सोडणाऱ्या सुईभोवती काय झालं असेल, हे त्याला न बघता दिसायचं. दर महिन्याला तो रंग आणखी घट्ट होत होता. बसमध्ये तो वाक्य जुळवायचा. 'वहिनी, तो जरा धुवायला हवा.' छे. म्हणजे मृताच्या पुढे तिने घाण वस्तू ठेवली असं तिला तोंडावर सांगायचं? 'वहिनी, तो मला द्याल का?' देव्हाऱ्यात ठेवलेली वस्तू मागायची? आणि तीही आपण दोनदा नाकारलेली?

"चहा घेणार?" किनुयो विचारायची.

"नको, नको."

"बरं."

आणि उन्नो कोरड्या घशाने परत यायचा.

बोट मात्र त्याच्या टेबलावर अर्ध्या लाल पोटाने पडून होती. ती कुंचल्याने पुरी करता आली नसती. फवाऱ्याच्या रंगाशेजारी कुंचल्याचा फटकारा ठिगळासारखा दिसतो. शेवटी मे महिन्यात तो बाजारातल्या सुगिउराच्या छोट्या बोटींच्या दुकानात गेला. सुगिउरा ही पन्नाशीची बाई बापामागे दुकान चालवायची, आणि कोणाची भीड म्हणून ठेवायची नाही.

"एअरब्रश? तुम्हाला?" तिने चष्मा कपाळावर चढवला. "कारियासान असते तर आज दुकानाला सुट्टी द्यायला लावली असती."

"जमेल का मला?"

"डबे बडवून खाल्लंत जन्मभर, हे का नाही जमणार? बसा." तिने काचेवर तीन-चार एअरब्रश मांडले. "हा स्वस्त. दाबलं की हवा आणि रंग एकदमच येतात. कुंपण रंगवायचं असेल तर न्या. हा चांगला. दाबलं की नुसती हवा, मागे ओढलं की रंग, जेवढं ओढाल तेवढा. पण अंगठ्याचा सांधा दुखतो यात. तुमचा दुखतो का?"

"थंडीत दुखतो."

"मग हा बघा, पिस्तुलासारखा. बोटाने खटका ओढायचा. आधी हवा येते, मागोमाग रंग. म्हाताऱ्या हातांना बरा. तोंडाचं भोक मधलं घ्या. बारीक घेतलंत तर सारखं तुंबेल आणि मला शिव्या द्याल. मोठं घेतलंत तर बोटीबरोबर टेबलही रंगेल."

उन्नोने मधल्या एअरब्रशवर बोट ठेवलं. "हा कारियाचा ना?"

"अगदी तोच. त्यांनी माझ्या वडिलांकडून नेला होता. देऊ?"

"नको."

सुगिउरा त्याला स्वतःच्या लहानपणापासून पाहत आली होती. ती दुसऱ्यांदा विचारणार होती, पण त्याच्या तोंडाकडे बघून तिने तो एअरब्रश गुपचूप कपाटात ठेवला. पिस्तुलासारखा बाहेर राहिला.

कॉम्प्रेसर त्याने कानाने निवडला. पहिला चालू केल्यावर म्हणाला, "हा दमेकरी आहे." दुसरा म्हणे दातओठ खातो. तिसऱ्याजवळ तो बराच वेळ मान कलती करून उभा राहिला.

"हा काय म्हणतो?" सुगिउराने विचारलं.

"काही म्हणत नाही. हाच द्या."

स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याने पंखा बसवला, टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांवर सराव सुरू केला. रंग घट्ट झाला की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उडायचे. पातळ झाला की ओघळ थेट टेबलापर्यंत. दुधाएवढा पातळ झाला की मग पाठीवरून हात फिरवावा तसा बसायचा. हवा आधी सुरू करायची, हात हलता ठेवायचा, आणि सोडताना रंग आधी सोडायचा. हे सगळं त्याला ऐकून ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं.

हात जरा बसला तोवर जून उजाडला, आणि जूनचा तो दमट, चिकट पाऊस. अशा हवेत फवारा मारायचा नाही हे तिथल्या शाळकरी पोरांनाही माहीत. कारिया म्हणायचा, "या महिन्यात बेडकांनी कामं करावीत." उन्नोला हे माहीत नव्हतं असं नाही. पण बाहेर पाऊस, घरात कोणी नाही, पुढ्यात बोट. त्याने खटका ओढला. विटकरी रंग ओला असेपर्यंत सुंदर दिसला. वाळता वाळता त्याच्यावर पांढरट धुरळा चढला, लोणच्यावर बुरशी चढावी तसा. तो बोट हातात धरून बसला. "बेडूक कुठला," असं म्हणणारंही कोणी नव्हतं. मग त्याने आपला सगळा रंग बारीक कागदाने घासून काढला. कारियाच्या रंगाला कागद लागू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावली होती.

पाऊस संपेपर्यंत काम बंद. तरी संध्याकाळी तो कॉम्प्रेसर लावायचा, वाटीत चमचाभर थिनर ओतायचा, बोटाने तोंड दाबायचा आणि खटका ओढायचा. रंग नाही, बोट नाही, नुसती गुळणी. गुळगुळ संपली की स्वयंपाकघर आधीपेक्षा जास्त गप्प व्हायचं. आणि देव्हाऱ्यातल्या त्या दुसऱ्याचा गळा आज आणखी किती आवळला असेल, हे मनात आल्यावाचून राहायचं नाही.

ऑक्टोबरात आकाश धुतल्यासारखं झालं. बोट पुरी झाली. तिथीच्या दिवशी ती मिठाईच्या खोक्यात घालून उन्नो किनुयोकडे गेला.

तिने ती उजेडात धरली, उलटी केली. "यातलं त्याचं कुठपर्यंत आणि तुमचं कुठून?"

उन्नोने दाखवलं.

"कळतं," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "तुमचं जरा भीत भीत आहे. पण चांगलं आहे." तिने बोट फोटोपुढे ठेवली आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "नवं यंत्र विकत घेतलंत म्हणे. सुगिउरा भेटली होती."

"हो."

"याला हात लावावासा वाटला नाही तुम्हाला. त्याचं काहीच नको होतं का?"

बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

"वहिनी, मला हाच हवा होता."

किनुयो वळली. "मग नको का म्हणालात? तेही दोनदा!"

"वाटलं, तुम्ही तिसऱ्यांदा विचाराल."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे देवा," ती हळूच म्हणाली. "ते तर तो विचारायचा." मग ती धपकन खाली बसली. "म्हणजे इतके दिवस तुम्हाला चहाही हवा असायचा?"

उन्नोने मान खाली घातली. ती हसली, आणि हसता हसता पदराआड करावं तसं एप्रनचं टोक तिने डोळ्यांना लावलं.

"घ्या, मग. आता घ्या."

"त्याआधी एक सांगू? रागावू नका. त्यात रंग आहे. त्या दिवसाचा. याची गुळणी राहिलीय."

किनुयोने देव्हाऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी रोज त्याच्यापुढे न धुतलेलं भांडं ठेवत होते?"

नेमक्या याच वाक्याला तो आजवर भीत आला होता.

"आणि तुम्ही दर महिन्याला ते बघत होता?"

"हो."

"उन्नोसान, तुम्ही म्हणजे अगदी..." ती उठली. थिनरजवळ विस्तव नको म्हणून तिने मेणबत्ती हाताच्या वाऱ्याने विझवली, उदबत्ती राखेत उलटी खोचली आणि एअरब्रश उचलला. "चला बाहेर."

ओसरीवर वर्तमानपत्रं पसरली. खोपटातून कारियाचा कॉम्प्रेसर, थिनरचा डबा आणि चिंध्या आल्या. सुई जागची हलेना. उन्नोने जोर केला नाही. एकेक भाग थिनरमध्ये बुडवून ठेवायचा, थांबायचं, पुन्हा बघायचं. मधूनच त्याचं नख एअरब्रशच्या अंगावर टिचकी मारायचं. आवाज बराच वेळ बोदा येत राहिला.

किनुयो आत गेली आणि चहाचे दोन कप घेऊन आली. यावेळी तिने विचारलं नाही.

चहा निवत आला तेव्हा टिचकीचा आवाज मोकळा झाला. उन्नोने सुई हलके फिरवत मागे ओढली. तिच्यामागून विटकरी रंगाचा गाळ आला आणि कागदावर पसरला. किनुयो तो पसरताना बघत होती. तिने बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

सगळं पुसून, जोडून त्याने कॉम्प्रेसर चालू केला. खोपटातली ती ओळखीची घरघर ओसरीवर आली. वाटीत स्वच्छ थिनर, तोंडावर बोट, आणि खटका मागे.

गुळगुळ, गुळगुळ.

किनुयोचा कप हातातच थांबला. "हा आवाज. स्वयंपाकघरात मला एवढाच ऐकू यायचा. हा आला म्हणजे तुमचं आटपलं. मग मी चहा टाकायची." तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी किटली भरून ठेवली होती. याची वाट बघत."

उन्नोने खटका सोडला नाही. थिनर पार निवळेपर्यंत तो गुळणी करत राहिला, ते काही एअरब्रशसाठी नव्हतं.

शेवटी तिने एअरब्रश फडक्यात गुंडाळून त्याच्यापुढे धरला. "न्या."

"नको," उन्नो म्हणाला.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "हे कुठलं नको? पहिलं की खरं?"

"खरं. तो इथेच असू द्या. पण नुसता ठेवला तरी आतून धरतो. महिन्याला एकदा गुळणी करायला लागेल."

"बरं," किनुयो म्हणाली. लिलावातला हात खाली आला. तिने एअरब्रश पुन्हा फोटोपुढे, बोटीशेजारी ठेवला.

अंधार पडायच्या आत उन्नो रिकामं खोकं घेऊन घरी पोचला. त्याने दिवा लावला, कपडे बदलले आणि सवयीने टेबलाशी बसून आपल्या एअरब्रशमध्ये चमचाभर थिनर ओतला. गुळगुळ झाली. ती थांबल्यावर तो थोडा वेळ घराच्या आतल्या बाजूला कान देऊन बसला. आत कोणी नव्हतं. मग तो उठला आणि त्याने स्वतःच किटली चढवली.